मेंढा गेला त्या सकाळी

थोरलीने सकाळी गोठ्याचं दार उघडलं, तर मेंढा मान मोडून पडलेला. कुंपणाच्या फटीत शिंगं अडकली होती आणि सुटायच्या धडपडीत त्याचा जीव गेला होता. बाटलीने दूध पाजून वाढवलेलं जनावर ते. नवरा गेल्यावर थोरलीने कळप उभा केला, तो त्याच्याच जिवावर. ती खाली बसून त्याची शिंगं सोडवू लागली.

धाकटी बहीण माहेरपणाला यावी तशी तिच्याकडे राहायला आली होती. तिने मेंढ्याच्या पोटाला हात लावला. अंग अजून कोमट होतं.

तेवढ्यात शेजारच्या घरातून दीर आला. "जाऊ द्या वहिनी, म्हातारा झालाच होता. माझा परदेशी मेंढा येतोय, तो दोघांच्या कळपाला पुरेल. याला पुरून टाकू."

धाकटी बोलली. "ताई, याचे शुक्राणू अजून जिवंत असतील. काढू का?"

"मेल्यावर निघतात?"

"निघतात. पण आत्ताच्या आत्ता."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघतेस!"

दीर हसायलाच लागला. "डोकं फिरलंय का दोघींचं? बायामाणसांनी करायचे उद्योग आहेत का हे? " मग तो धाकटीकडे वळला. "तुमच्या सासरी कळलं तर?"

धाकटी वळूंचं वीर्य तपासून गोठवायच्या केंद्रात नोकरीला होती. सासूबाई मात्र चारचौघांत 'सून दूध डेअरीत आहे' असंच सांगायच्या, आणि इतकी वर्षं तीही मान खाली घालून ऐकून घ्यायची. आज तिचं टाळकंच सरकलं.

"कळू दे की. सासूबाईंचा नंबर देऊ?"

दीर मागे सरला, पण गेला नाही.

वृषणं थोरलीने स्वतः कापून काढली. सुरी दुसऱ्या कोणाला दिली नाही. शुक्राणू तगावेत म्हणून धाकटीने साय काढलेलं दूध तापवून कोमट केलं, त्यात अंड्याचा पिवळा बलक ढवळला. केंद्रातल्या यंत्रांशिवाय तिने हे कधीच केलं नव्हतं आणि मेलेल्या जनावराचं तर नव्हतंच. शुक्राणू साठतात ती, वृषणाला बिलगलेली वळ्यावळ्यांची नळी तिने अलगद सोडवली, रक्त टिपलं आणि ब्लेडने चिरा दिल्या. दाट, पांढुरका थेंब वर आला.

"जरा धुऊन घे ना, रक्त लागलंय," थोरली म्हणाली.

"पाणी नको! पाण्याच्या थेंबानेसुद्धा मरतात ते."

कॉलेजातला जुना मायक्रोस्कोप तिने थोरलीच्याच माळ्यावर टाकला होता. तो खिडकीच्या उजेडात मांडून, थेंबाची काच खाली सरकवून तिने डोळा लावला. आधी सगळं निपचित. थेंब बलकाच्या दुधात मिसळला, हळूहळू ऊब लागली, आणि काचेवर एकच झुंबड उडाली.

"ताई, बघ."

थोरलीने पाहिलं. डोळे पुसले, पुन्हा पाहिलं. "पळतायत गं मेले!"

कळपात काही मेंढ्या माजावर होत्या. थोरलीने एकेकीला मागून उचलून धरलं, धाकटीने बारीक नळीने वीर्य आत सोडून रेतन केलं. दीर कुंपणाला टेकून सगळ्यांना ऐकू जाईल असा हसत राहिला.

परदेशी मेंढा आला, तेव्हा थोरलीने मधोमध जाळी ठोकून कळप वेगळा केला. "वहिनी, तुमच्या मेंढ्या भाकड राहतील," दीर म्हणाला. "राहू देत, माझ्या आहेत," ती म्हणाली.

बहुतेक मेंढ्या उलटल्या, पुन्हा माजावर आल्या. एकच गाभण राहिली. ती व्यायली तेव्हा धाकटी रजा टाकून आली, आणि सासूबाईंना कारणही खरं सांगून आली. कोकरू वळवळत उठलं, पडलं, पुन्हा उठलं.

दीर डोकावला. "मादी होय? मग कसला वंश चालणार तुमचा?"

थोरलीने कोकराला आचळाशी लावलं. मग वळून म्हणाली, "तुम्हाला काय मेंढ्याने जन्म दिला होता का भावोजी? बाजूला व्हा, उजेड अडवताय."