मेंदूचा मळ आणि ऐनाची साल

१९५२ सालच्या फेब्रुवारीत पाचूबंदरला मासळीपेक्षा माणसं जास्त उतरली होती. अर्नाळ्याची, गासची, पापडीची. कुणी हिंदू, कुणी ख्रिस्ती, पाय मात्र सगळ्यांचे सुजलेले. सुजलेल्या पायाला धर्म नसतो आणि मलहारी महाराजांनाही गिऱ्हाइकाचा धर्म विचारायची सवय नव्हती.

"मेंदू हा कळस आणि पाय ही मोरी!" महाराज गरजत. "चिंता, मत्सर, परनिंदा यांचा मळ कळसावरून ओघळतो आणि मोरीत तुंबतो. डॉक्टर मोरीला पट्टी बांधतो. मी मोरी उपसतो!"

गावातलं खरं गटार तीन वर्षं तुंबलेलं होतं. ते उपसायला मात्र महाराजांना कुणी सांगितलं नव्हतं.

विधी सुटसुटीत होता. गुडघ्यापासून बोटांपर्यंत पिवळट लेप लावायचा आणि पाय परातीतल्या नितळ तीर्थात सोडायचा. पापणी लवायच्या आत पाणी शाईसारखं काळं! आपल्या डोक्यातून एवढा ऐवज निघालेला पाहून एका गृहस्थांनी तर अभिमानाने आजूबाजूला पाहिलं. पुढे अट एकच: एकवीस दिवस पायाला साबण नाही, पाणी नाही, डॉक्टर नाही.

ही अटच कोळीवाड्यातल्या लुसीच्या जिवावर उठणार होती. तिचा उजवा पाय केळीच्या खुंटासारखा झाला होता. बोटांच्या बेचक्यात जखमा होत्या, दोन दिवस अंगात ताप होता. गावातल्याच डॉक्टर हिलरींनी तिला रोज साबणाने पाय धुऊन उशीवर ठेवायला सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या. पण साबणाने पाय धुण्यात चमत्कार कसला? सासू इझाबेल तिला घेऊन महाराजांकडे आली. डॉक्टर मागोमाग आले.

"इझाबेलबाय, या जखमा एकवीस दिवस न धुता ठेवल्यात तर ताप उतरायचा नाही. पोरगी हातची जाईल."

"तुमच्यानं सूज उतरली काय? नाय ना? मग गप ऱ्हावा."

इझाबेल जाळी रंगवता रंगवता उठून आली होती. ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवलं की जाळ्याचं सूत लवकर कुजत नाही. काढा उकळायचा तो तांब्याच्या हंड्यात, हे कोळीवाड्यातल्या पोरीबाळींनाही ठाऊक. तिचे हात कोपरापर्यंत तांबूस झाले होते.

लेप लावून झाला. जड पाय लुसीला परातीच्या काठावरून उचलवेना. तो उचलून द्यायला इझाबेल खाली बसली, तोल सावरायला दोन्ही हात परातीत टेकले. लुसीचा पाय अजून परातीबाहेरच होता आणि पाणी काळं झालं.

गर्दी परातीवर वाकली. महाराज मात्र मुरलेले. "पाहा! सुनेला छळल्याचं पाप सासूच्या हातातून निघालं!"

"मेल्या, माजी सासू मला हातानं जेवन भरवते!" लुसी तापातसुद्धा कडाडली.

इझाबेल आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने कमरेला खोचलेला रंगवलेल्या सुताचा तुकडा काढून परातीच्या दुसऱ्या काठाशी, जिथे पाणी अजून नितळ होतं, तिथे बुडवला. तिथेही काळं.

"महाराज, या सुताला कंचा मेंदू? यानं कोनाचा मत्सर केला?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"लोखंडाच्या भांड्यात साल उकळली तर जाळं असंच काळं पडतं," इझाबेल म्हणाली. "तुमच्या तीर्थात लोखंड हाय."

डॉक्टरांनी लेप चिमटीत घेऊन हुंगला. "हिरडा, तुमच्या सालीसारखाच तुरट. आणि पाण्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचाच क्षार. आमचे आजोबा याच दोन जिनसांची शाई करत."

"माजा लेप धुवा," लुसी म्हणाली. "साबनानं. मग नवं तीर्थ आना."

धुतलेला पाय महाराजांच्याच घागरीतल्या नव्या तीर्थात गेला. जखमा झोंबल्या, लुसीने ओठ चावला. पाणी नितळच राहिलं.

"सूज दुसऱ्या पायात उतरेल!" महाराज किंचाळले.

"उतरू दे. तो बी साबनानं धुवीन."

मग डॉक्टरांनी गर्दीला सांगितलं: रक्तातून मांसात झिरपलेलं पाणी आणि त्यातली घाण गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या शरीरभर असतात. गटाराच्या डासातून आलेला जंत पायाच्या नळ्यांत मुक्काम करतो, वाट बुजते, पाणी साचतं. मेंदूभोवतीचं पाणीही रक्तातच परत जातं, पायात उतरत नाही. रक्तातला मळ मूत्रपिंडं गाळतात, रोज, फुकट, मंत्राविना. "लुसीचा पाय पहिल्यासारखा होईल असं मी म्हणत नाही," ते म्हणाले. "पण धुतला तर कुजणार नाही."

पाचव्या दिवशी ताप उतरला. सूज थोडी राहिली, पण पावसाळ्यापूर्वी लुसी मासळीची पाटी घेऊन पापडीच्या बाजारात बसू लागली. महाराज दुसऱ्या गावी गेले. तिथे, म्हणतात, पाणी लाल होतं.

तेव्हा वाचकहो, पाणी काळं होवो की लाल, हात जोडण्याआधी ते जरा मोकळे ठेवा. त्याच परातीत एक सुताचा तुकडा बुडवा, एक धुतलेला पाय बुडवा, मग बोला. महाराज रागावतील. रागावू द्या.