दर्भाचा कावळा

लीना गेली हे घरात सगळ्यांत शेवटी तिच्या नवऱ्याला, शामकांतला कळलं. ती स्वयंपाकघरात कोसळली, शेजारच्या विजयमालाताई धावत आल्या, डॉक्टर नाडी बघून मान हलवून गेले. हा आपला आतल्या खोलीत कानांवर हेडफोन लावून, डोळे मिटून सॅक्सोफोन ऐकत बसलेला. शेवटी मुलीनं, मनवानं, हेडफोन ओढून काढले आणि सांगितलं.

श्रीरामपुरात जाझ ऐकणारे दोघेच, शामकांत आणि त्याचा मित्र सुहास. दोघांचंच मंडळ, अध्यक्षपद आळीपाळीनं. मंडळाचं ठाम मत असं, की जाझ ऐकावं तर रेकॉर्डवरच. मैफलीत लोक खोकतात, खुर्च्या सरकवतात, माइक शिट्ट्या मारतो. लीना मात्र सारखी म्हणायची, "अहो, एकदा पुण्याला जाऊन समोर बसून ऐकू या ना. वाजवणाऱ्याचे फुगलेले गाल तरी बघू."

"गाल काय बघायचेत? रेकॉर्डवर त्याहून स्वच्छ ऐकू येतं," शामकांत म्हणायचा.

दहाव्याला सगळे प्रवरासंगमच्या घाटावर जमले. एका पुढाऱ्यानं माइकवरून श्रद्धांजली वाहिली. त्यात लीनाचं नाव दोनदा चुकलं. पिंड ठेवला. लिंबावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले.

विजयमालाताईंनी हात जोडले. "लीना, मनवाचं लग्न आम्ही थाटात करू हो!"

"आई असलं कधी बोलली नव्हती," मनवा पुटपुटली. कावळ्यांनाही ते पटलं नसावं. मग तिनं बापाकडे पाहिलं. "बाबा, तुम्हाला माहितीये."

शामकांतनं सुहासच्या कानात सांगितलं. सुहास लगबगीनं गाडीतून स्पीकर घेऊन आला. "अगदी निवडक प्रत लावतो. वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा पुसून काढलाय यात." घाटावर सॅक्सोफोन वाजू लागला. कावळे उडाले ते थेट पलीकडच्या काठावर.

"त्यांना ऐकायची सवय नाही," सुहास म्हणाला.

मागून रामहरी आचारी आला. "सायेब, आमटी लई गार झाली. पाव्हणे उपाशी हायेत."

गुरुजींनी दर्भ उचलून त्याला गाठ मारली. "दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववू. शास्त्राला चालतं."

"खरा नको?" शामकांतनं विचारलं.

"अरे शाम, तूच असं विचारतोस?" सुहास म्हणाला. "फडफड नाही, कावकाव नाही, बोलावलं की हजर. खऱ्याहून स्वच्छ!"

शामकांतला त्यात एकही चूक सापडेना. सगळं त्याचंच बोलणं होतं. त्यानं गुरुजींचा हात धरला. "नको. खराच येऊ दे."

"आणि नाही आला तर?"

"थांबतो."

गुरुजी पुढच्या दहाव्याला गेले. पाहुणे जेवायला गेले. "तू बस, मी दोन घास खाऊन येतो," म्हणून सुहासही गेला. मनवा बापाला टेकून बसली.

"लीना, पुण्याला जाईन गं," शामकांत पिंडाला म्हणाला. "मनवाला घेऊन जाईन. पुढच्या रांगेत बसेन."

पलीकडे एक कावळा जरासा हलला आणि पंखात चोच खुपसून पुन्हा बसला. त्याचंही बरोबर होतं. मनवाला घेऊन जाण्याची गोष्टच नव्हती ती.

पिंड तसाच होता. लीनाबरोबर समोर बसून ऐकायचं राहून गेलं होतं.