सहा ते सव्वासहा

माझा भाऊ परांचीवरून पडला त्याला बारा दिवस झाले होते, आणि त्यातले अकरा दिवस मी वहिनीशी खोटं बोलत होते.

दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. तीस वर्षं शिड्यांवर काढली आणि एकदाही पाय घसरला नाही. घसरला तो एका चपलांच्या दुकानाची पाटी संपवताना. डोकं फरशीवर आपटलं आणि तेव्हापासून शुद्ध नाही. मी त्याच हॉस्पिटलच्या तळघरात शिवणकाम करते. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटच्या झग्यांच्या तुटलेल्या नाड्या. दादा माझ्या डोक्यावर बरोबर तीन मजले वर पडून होता, आणि मी खाली बसून नाड्या लावत होते.

आयसीयूत सकाळी सहा ते सव्वासहा एकाच माणसाला सोडतात. पहिल्याच दिवशी वहिनी म्हणाली, "छोटी, मी आत बसते. तू घरी बरोबर सहाला गुडघ्यांवर बस. तू तिकडे देवापाशी बसली आहेस एवढं माहीत असलं की मला इकडे धीर येईल." मी पन्नाशीला आले तरी या घरात छोटीच. मी हो म्हणून मोकळी झाले. अशा वेळी नाही कोण म्हणतं?

पण माझा देवाशी अबोला होता. चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या किडन्या गेल्या तेव्हा मी सकाळ-संध्याकाळ गुडघे झिजवले होते. एक दिवस चुकवला नाही. तरी तो गेला. त्याला पुरून घरी आले त्या दिवसापासून मी वर एक शब्द पाठवला नव्हता. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या रांगेत बसून मी सगळ्यांत मोठ्याने गायची. पाळक माझ्या आवाजाचं कौतुक करायचे. गाण्यातले शब्द दुसऱ्याचे असतात, त्यामुळे ते म्हणायला माझं काही जात नव्हतं.

म्हणून रोज सहाला गजर व्हायचा, मी उठून बसायची, खाली फरशीकडे बघायची आणि जाऊन चहा ठेवायची. सातला कामावर आले की वहिनी तळघरात उतरायची. "केलीस ना?" "केली." तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "वाटलंच मला! सहाच्या ठोक्याला त्याचं बोट हललं गं."

न केलेल्या प्रार्थनेने बोट हलत असेल, तर केली असती तर तो उठून बसला असता का? या विचाराने माझं डोकं फिरायची वेळ आली. मशीनची सुई दोनदा बोटात घुसवून घेतली. तुम्ही म्हणाल, मग करायची होती ना प्रार्थना, कुणी हात धरला होता? कुणी नाही. मला लाज वाटत होती. चार वर्षं ज्याच्या दारात फिरकले नाही, त्याच्यापुढे काम पडल्यावर कोणत्या तोंडाने जाणार? आणि लाजेच्या खाली रागही होता, तो काही कमी झाला नव्हता.

बाराव्या दिवशी वहिनी सातच्या आधीच येऊन थांबली होती. मी एक झगा घेऊन मशीनवर बसले, तशी धुऊन आलेल्या चादरींच्या ढिगावर ती धपकन बसली. एरवी मी कुणाला त्या ढिगाला हात लावू देत नाही.

"डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलावून घ्या." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "तू आज केलीस ना?"

'केली' हा शब्द ओठांवर आला होता. रोजच्या सवयीने आपोआप आला होता. पण तिची बोटं बर्फासारखी गार होती, आणि मला ते जमलं नाही.

"नाही केली," मी म्हणाले. "आज नाही आणि एकदाही नाही. मी चार वर्षांत प्रार्थना केलेली नाही, वहिनी. तुम्ही मला मारा."

तिने मारलं नाही.

"म्हणजे कुणीच केली नाही," ती म्हणाली.

"तुम्ही आत बसायचा ना रोज?"

"बसायची. घड्याळ बघायची. सहा वाजले, आता छोटी बसली असेल, एवढंच म्हणायची मनात. मला येत नाही गं. पंचवीस वर्षं घरात प्रार्थना त्याने केली आणि मी आमेन म्हटलं. सुरुवात कशी करतात तेच मला माहीत नाही. शिकायची गरजच पडली नाही. आणि ते बोटाचं... बोट कधीच हललं नाही. तुझा उत्साह टिकावा म्हणून म्हणायची."

मला हसू आलं आणि त्याच हसण्याचं रडू झालं. दोन बायका अकरा दिवस एकमेकींच्या भरवशावर बसल्या होत्या. घरात प्रार्थना करणारा एकच होता, आणि नेमका तोच नाकात नळ्या घालून पडला होता. माझ्या भावासाठी अकरा दिवस कुणी तोंड उघडलं नव्हतं.

"त्याला माहीत होतं," वहिनी म्हणाली.

"काय?"

"तुझं. तू बोलत नाहीस ते. रोज कामावर जायच्या आधी तो तुझं नाव घ्यायचा. म्हणायचा, देवा, छोटी रुसली आहे तुझ्यावर, तोवर तिच्या वाटचं मी बोलतो. मला वाटलं, तो पडल्यावर तरी तुझा रुसवा गेला असेल."

मी मशीनवरून उठले. पुढ्यातला झगा खाली पडला तो तसाच राहिला.

शेवटची वेळ म्हणून सिस्टरने आम्हा दोघींना आत सोडलं. दादाच्या नखांत अजून पाटीचा निळा रंग होता. मी फरशीवर गुडघे टेकले, तर कट्‌कन वाजले. आणि काय सांगू, पहिलं वाक्य निघालं ते भांडणाचं. "एकदा नवरा नेलास. आता हा पण हवाय? माझ्या अबोल्याचा राग याच्यावर काढू नकोस. हा रोज येत होता तुझ्याकडे, एक दिवस चुकला नाही!" मग म्हणाले, याला ठेव. ठेव, ठेव, एवढंच म्हणत राहिले. शहाण्यासारखं एक वाक्य जमलं नाही. शेवटी दम लागून थांबले आणि सवयीने वहिनीच्या आमेनची वाट बघितली.

"थांब," ती म्हणाली. "आता मी." ती माझ्या शेजारी खाली बसली. "देवा, मी बोलतेय. याची बायको." पुढे तिला काही सुचेना. तरी ती उठली नाही. सिस्टर दोनदा येऊन गेली, तिनेही उठवलं नाही.

दादा दुसऱ्या दिवशी दुपारी गेला.

आता मी जन्माची गप्प होणार, असं मला वाटलं होतं. दफनानंतरच्या सकाळी गजर झाला तेव्हा मी नेहमीसारखी उठून चहा ठेवायला निघाले, आणि अर्ध्यातच थांबले. आता माझ्या वाटचं बोलणारं कुणी नव्हतं. मी गुडघे टेकले आणि देवाला तोंडावर सांगितलं, की तू ऐकलं नाहीस, आणि हे मी तुला उद्या सहालाही येऊन सांगणार आहे.