हुरड्याचा स्प्रिंट

पुण्याच्या कंपनीत धनश्री स्क्रम मास्टर होती, म्हणजे नेमकी काय होती, हे केडगावच्या पुढच्या सासरच्या वस्तीवर कुणाला कधी कळलं नाही. काम करणाऱ्यांना काम करू द्यायचा पगार मिळतो, एवढं सासूबाई लंकाबाईंना उमगलं होतं आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. नवरा अजिनाथ इथे शेतात, ती तिथे पुण्यात, ह्या संसाराला धनश्री पुरती विटली होती. म्हणून गावातच पोट भरता यावं, यासाठी तिने रजा टाकून घरच्या ज्वारीवर पुण्याच्या लोकांसाठी पैसे घेऊन हुरडा पार्टी काढायचं ठरवलं. सासरे भिमाजींनी बांधावरच निकाल दिला.

"एक रविवार देतो. पाव्हणं खूश झालं तर ऱ्हा हितं. न्हाईतर ज्वारी खळ्यावर आन् तू पुण्याला."

धनश्रीने लगोलग गोठ्याच्या भिंतीवर चिठ्ठ्या डकवल्या. एकीकडे करायची कामं, मधे चाललेली, पलीकडे झालेली.

"कणसं कोवळी आहेत तेवढेच दिवस हातात. हाच आपला स्प्रिंट. तारीख हलणार नाही, जमलं नाही तर कामं कमी करायची. मामा, तुम्ही प्रॉडक्ट ओनर. आधी काय, नंतर काय, ते तुम्ही सांगायचं."

भिमाजींनी लगेच मिशीला पीळ दिला. "आधी कमान. मंग उंट."

"उंट कशाला?"

"पोरं बसतील की!"

रोज सकाळी उभ्या उभ्या चार शब्द बोलायचे, असा तिचा नियम. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. पण दारातल्या माणसाला उभं ठेवून बोलायचं म्हणजे घराण्याच्या अब्रूचा प्रश्न. लंकाबाईंनी सतरंजी अंथरली, चहा टाकला, शेजारच्या भागूबाई आपला गुडघा दाखवायला आल्या आणि बैठक उन्हं डोक्यावर येईस्तोवर रंगली.

चिठ्ठ्या मात्र भराभरा पलीकडे सरकत होत्या. धनश्री हरखून गेली. मग सहज तिने विचारलं, "हुरडा भाजायची आगटी कुठाय?"

"झालीच समज," अजिनाथ म्हणाला. "जागा बघून ठिवली की."

"चटणी?"

"झालीच समज गं," लंकाबाई म्हणाल्या. "शेंगदाणं हायेत घरात."

कमानीचे बांबू तर अजून भावकीच्या बेटात उभे होते! इकडच्या माणसाच्या तोंडून 'नाही' निघत नाही, सगळा घोळ तिथे. धनश्री कपाळाला हात लावून खो-खो हसत सुटली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. रविवार तोंडावर आला होता.

"आजपासून परक्या माणसाने खाऊन बोटं चाटली तरच झालं म्हणायचं," तिने डोळे पुसत जाहीर केलं.

अजिनाथने त्याच दुपारी आगटी खणली. धनश्रीने रस्त्यावरचा एक टेम्पोवाला थांबवून त्याला खायला बसवलं. "हुरडा गार, चटणी जाळ," तो म्हणाला. अजिनाथने आगटी बसायच्या जागेशेजारी आणली, लंकाबाईंनी चटणीतली मिरची कमी केली. दुसऱ्याने दही मागितलं, दही आलं. मग लंकाबाईंना चेवच चढला. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्या हात करायच्या, "या वो, आमचं टेस्टिंग चाललंय!" भिमाजींनी आपल्या तोंडाने उंट पुढच्या सालावर ढकलला, कमानही.

रविवारी पुण्याची मंडळी आली. ना कमान, ना उंट. आगटीतून कणसं निघत होती, अजिनाथ ती चोळून गरम दाणे हातावर देत होता, आणि लोक बोलायचं विसरून खात होते. निघताना एका काकूंनी विचारलं, "पुढच्या रविवारी माहेरची सगळी घेऊन येऊ का?"

धनश्रीचा चेहरा पडला. तोवर ह्या वावरातली ज्वारी टणक होणार होती.

भिमाजींनी टोपी काढून डोकं खाजवलं. "या की. हिरीकडची ज्वारी मागास पेरलीय. तवर कवळी ऱ्हाईल."

ती घरच्या वर्षाच्या भाकरीची ज्वारी. विकतच्या ज्वारीची भाकरी ह्या माणसाने उभ्या जन्मात तोंडात घातली नव्हती.

"मामा, मग आपण काय खायचं?"

"आनू बाजारातून. तू पुण्याला गेलीस की ह्यो अजिनाथ कसल्याच भाकरीकडं बघत न्हाई."

अजिनाथ मान खाली घालून रिकामंच कणीस चोळत बसला. धनश्रीला इतका आनंद झाला, की पाहुण्यांसाठी काढलेले मूठभर दाणे तिने स्वतःच खाऊन टाकले.