कोड वाढलंय

आमच्या केदारकाकांना फोनवर हळू बोलता येत नाही. धर्मापुरीत आमचं किराणा दुकान, मागं घर. त्याच्या पायरीवर उभं राहून ते लातूरच्या डॉक्टरांशी बोलले आणि अर्ध्या बाजारानं ऐकलं, "काय म्हणता? नॉन-कोडिंग? लई वाढलंय?"

डॉक्टर माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या गाठीबद्दल सांगत होते. मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ नुकतीच काढली होती आणि तिचा तुकडा एका नव्या तपासणीला गेला होता. पेशींतल्या काही आरएनएंपासून प्रथिनं बनत नाहीत, म्हणून ते नॉन-कोडिंग. त्यातला एक आप्पांच्या गाठीत फार वाढलेला निघाला. म्हणजे रोग परतण्याची भीती जास्त. नुसत्या ह्या तपासणीवर आम्ही काही ठरवत नाही, डॉक्टर म्हणाले, पण बाकीचे रिपोर्टही तेच सांगतायत. केमो लगेच सुरू करा.

आप्पा म्हणाले, "आधी शिवांजलीचं लगीन होऊ द्या."

माझा साखरपुडा झालेला, तारीख धरलेली. पाटोद्याच्या व्याह्यांना आम्ही हर्नियाचं ऑपरेशन सांगितलं होतं. मी भांडले, जेवण सोडलं, वाट्टेल ते बोलले. आप्पा ढिम्म हलले नाहीत.

मग एका सकाळी माझे होणारे सासरे, सोमेश्वरमामा, न कळवता बायकोसकट दारात. केशरबाईंनी मला जवळ बसवलं, हात हातात घेतला आणि बाही वर सरकवली. मग कोपर पाहिलं. मग वेणी उचलून मान पाहिली. बाजारात म्हैस बघतात तसं. माझं डोकं फिरलं, पण हे कशासाठी चाललंय तेच कळेना.

"सिद्धलिंगअप्पा," मामा म्हणाले, "खरं सांगा. तुमच्या घरात कोड हाय का? वाढलंय म्हणून ऐकलं आमी."

केदारकाकांनी कपाळावर हात मारला; त्यांचं फोनवरचं 'कोडिंग' पाटोद्याला 'कोड' होऊन पोचलं होतं. अंगावरचे पांढरे डाग. पोरीचं लग्न मोडायला तेवढा एक शब्द पुरतो, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. आप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"कोड न्हाई," ते म्हणाले. "कॅन्सर हाय. मला. आतड्याचा."

केशरबाईंचा जीव भांड्यात पडला. "कॅन्सरच व्हय? अगं बाई, मी किती भ्याले!" त्यांनी चहाचा कप उचलला. आप्पाही हसले. ते हसू मला बघवेना.

"केमो लगेच घ्यायचीय," मी म्हणाले. "लग्न पुढं ढकला."

"आता कसं ढकलता येईल?" मामांचा आवाज खाली आला. "तारीख हलली की लोक म्हणतील, कोडच होतं."

आप्पांनी मान डोलावली. संपलं. त्यांचं परत ठरलं होतं.

मी उठले, दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत चढवल्या आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. गिऱ्हाईकं बघत होती. काकांपेक्षा मोठ्यानं ओरडले, "म्हणू द्या की! कोडानं माणूस मरत न्हाई, आप्पा!"

आत केशरबाईंनी कप खाली ठेवला. आप्पा माझ्या उघड्या दंडांकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते.

"केदार," ते म्हणाले, "गाडी काढ. आन् डॉक्टरला फोन लाव. येतोय म्हणावं."

काकांनी फोन लावला आणि पहिल्यांदाच इतकं हळू बोलले, की डॉक्टरांनी दोनदा विचारलं, कोण बोलतंय?