काळी चारवरचं बोट

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. मुक्काम अणदूर, तालुका तुळजापूर. माझ्या अंगावर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या आहेत. गाणारा माणूस ज्या पट्टीला आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. माझे मालक ईरण्णा यांची पट्टी काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी. पुरुषाच्या गळ्याला ती उंच पडते, त्यामुळे ईरण्णा ती न विचारताही सांगत. माणसं गाव सांगतात, आडनाव सांगतात. ईरण्णा पट्टी सांगत.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. ईरण्णांनी मला सोलापूरच्या दुकानातून एसटीनं, मांडीवर घेऊन आणलं. कंडक्टरनं माझं लगेज तिकीट फाडलं. तो माझा पहिला सत्कार.

तेव्हा ईरण्णा पांढरी बेलबॉटम घालत आणि रात्रीच्या कार्यक्रमातही काळा चष्मा लावत. डाव्या हातानं ते माझ्या खालच्या सुरांवर हलगीसारखे ठोके काढत आणि उजव्या हातानं चाल वाजवत. शहरात अशा संगीताला फंक म्हणतात. आमच्याकडं त्याला ‘ईरण्णाचा झटका’ म्हणत. त्यांच्या शेजारी नागप्पा पेटी वाजवायचा. उसाच्या फसलेल्या ट्रॉलीवरच्या त्यांच्या गाण्याची कॅसेट निघाली, आणि नळदुर्ग ते अणदूर धावणाऱ्या प्रत्येक जीपमध्ये ती ट्रॉली फसलेलीच राहिली.

मग डीजे आले. ईरण्णांनी खत-बियाण्यांचं दुकान टाकलं. नागप्पा पेटी घेऊन भजनी मंडळात गेला. मी दुकानाच्या माळ्यावर गेलो. माझ्यावर एका उन्हाळ्यात कुरडया वाळल्या. उंदरांनी माझा छोटा पडदा कायमचा विझवला. कुरडयांची मला लाज वाटली नाही. खरी लाज पुढं आहे.

ईरण्णांची मुलगी शिवलीला धाराशिवला शाळेत संगीत शिकवते. तिनं मला खाली काढलं, पुसलं, आणि वडिलांना म्हणाली, “अप्पा, नवा अल्बम करू.” ईरण्णांनी नको नको म्हणत त्याच दुपारी बेलबॉटम शिवायला टाकली.

पहिल्या सरावाला त्यांनी काळी चार धरली आणि तोंड उघडलं. सूर वर चढेना. मधूनच फाटला. “खताची धूळ,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशीही धूळच होती. मग ते सरावाला येईनात. गिऱ्हाइकाशीही बोलेनात.

माझ्यावर एक बटण आहे. ते दाबलं की बोट आहे तिथंच राहतं आणि सूर शेजारच्या पट्टीवर, एक पायरी खाली उतरतो. शिवलीलानं एके दिवशी वडिलांना ओढून आणलं, वायर बघायचं निमित्त करून वाकली आणि ते बटण पाच वेळा दाबलं. आता ईरण्णांचं बोट काळी चारवर होतं आणि माझ्या पोटातून काळी दोन निघत होती. ईरण्णा गायले. फार छान गायले. त्यांची बायको पार्वतम्मा दारात उभी होती, ती पदरानं डोळे पुसून म्हणाली, “अहो, धूळ गेली की.”

मला बंद केलं की ते बटण विसरतं. त्यामुळं रोज वायर बघावी लागे. शिवलीला विसरली तर ईरण्णाच म्हणत, “वायर बघ गं जरा.”

अल्बम झाला. बसस्टँडवर फ्लेक्सचा मोठा डिजिटल फलक लागला. त्यावर काळा चष्मा घातलेले ईरण्णा, आणि खाली अक्षरं : ‘आवाज तोच, पट्टी तीच!’

प्रकाशनाला चौकात मांडव पडला. शाल, नारळ, फेटा, पुन्हा शाल असं बराच वेळ चाललं. जुना साथीदार म्हणून नागप्पालाही पेटीसह बोलावलं होतं. शिवलीलानं वायर बघितली. नागप्पानं माझ्यावरचं ईरण्णांचं बोट बघितलं, आणि तीस वर्षांपूर्वीच्या सवयीनं आपलं बोट काळी चारवर ठेवलं.

मित्रांनो, पेटीला तसलं बटण नसतं. पुढच्या आवाजाचं वर्णन मी करत नाही. ट्रॉली फसली होतीच, आता उलटली.

ईरण्णांनी गाणं थांबवलं. शिवलीलानं त्यांच्याकडं बघितलं. मी खरं दाखवलं असतं, पण माझा पडदा विझलेला. ते माइकमध्ये म्हणाले, “नागप्पा, पेटी दुरुस्त करून आण बाबा. भजनात खपतंय, इथं न्हाय खपायचं.”

मांडव हसला. नागप्पानं भाता बंद केला, पेटी उचलली आणि लोकांच्या मधून वाट काढत निघून गेला. कार्यक्रम छान झाला, असं सगळे म्हणाले.

सकाळी ईरण्णा मला काखेत घेऊन नागप्पाच्या घरी गेले. नागप्पा ओसरीवर बसला होता. पेपर पसरून त्यानं पेटी पूर्ण खोलली होती आणि आतली एकेक पितळी पाती, पेटीवाले तिला सूरच म्हणतात, फुंकून, पुसून ओळीनं मांडत होता.

“काय करायलास?” ईरण्णांनी विचारलं.

“बिघाड हुडकायलोय. सापडंना.” नागप्पानं मान वर केली नाही. “तू उगं बोलणार न्हाईस. म्हणलं, पेटीतच असंल.”

ईरण्णा खाली बसले. मला चालू केलं, काळी चार वाजवून दाखवली. मग बटण पाच वेळा दाबून तीच पट्टी पुन्हा वाजवली. नागप्पाच्या हातातला सूर हातातच राहिला.

“लेकीनं केलंय व्हय?”

“केलं लेकीनं. मला पहिल्याच दिवशी कळलं हुतं. बोट तिथं हुतं, बरं वाटायचं.”

नागप्पानं तो सूर पुसून ओळीत ठेवला. मग म्हणाला, “मला कशाला सांगायलास? मी कुठं हसलो? जे हसले त्यास्नी सांग.”

बाजाराच्या दिवशी आम्ही त्याच चौकात बसलो. मांडव नव्हता, शाल नव्हती. नागप्पा पेटी जुळवून आला, पण थोडा लांब बसला. शिवलीला वायर बघायला वाकली.

“वायर ठीक हाय,” ईरण्णा म्हणाले. “राहू दे.”

त्यांनी बोट काळी चारवरून उचललं आणि सगळ्यांदेखत काळी दोनवर ठेवलं. माइकमध्ये म्हणाले, “नागप्पाची पेटी बरोबर हुती. माझी पट्टी उतरलीय. मी खोटं बोललो.”

कोथिंबीरवाली विठाबाई म्हणाली, “बरं, कळलं. आता वाजवा की, भाजी सुकायली.”

नागप्पा सरकत जवळ आला. त्यानंही काळी दोन धरली.

तो डिजिटल फलक पार्वतम्मानं उतरवून त्याचं माझ्यासाठी पांघरूण शिवलं. ईरण्णांनी सांगून ‘पट्टी तीच’ ही बाजू आत घ्यायला लावली, माझ्या अंगाला. रोज झाकताना ती अक्षरं मला लागतात, आणि झाकणाऱ्यालाही दिसतात.

मित्रांनो, जुनं वाद्य घरात असेल तर पुसा, उंदरांपासून जपा, कुरडया दुसरीकडं घाला. आणि आमच्याकडून खोटं वदवून घेऊ नका. आम्हाला नाही म्हणता येत नाही.