चाळीस गाठींची दोरी

म्हाताऱ्याने विहिरीत वजन सोडलं आणि डावा कान खाली लावला. उजवा कान कामातून गेला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो एका वटवाघळाने उसना नेला आणि ते परत आणून द्यायचं विसरलं. दोरीच्या गाठी एकेक करून बोटांतून सरकत गेल्या. अडतीस झाल्या तेव्हा कुठे खालून ‘डुबुक’ आलं.

“अडतीस. लिही.”

लेकीने लिहिलं नाही. ती खाणीतल्या कामगारांचे गणवेश शिवायची आणि सकाळीच गळ्यात टेप टाकून घराबाहेर पडायची. बापाची नजर अधू झाल्यापासून मोजणीची वही तिच्याकडे होती. सही मात्र त्याचीच.

“बाबा, पाणी अडतीसवर आहे, तर माझ्या बादलीची दोरी दीडपट का लागते?”

“तुझे हात आखूड झालेत. तुझ्या आजीचे तर शेवटी इतके आखूड झाले होते, की नाक खाजवायला शेजारीण बोलवावी लागे.”

एरवी ती हसली असती.

गावाने त्याचं नाव थापाड्या ठेवलं होतं आणि त्यालाही ते मान्य होतं. या विहिरीला तळच नाही, असं तो लेकीला लहानपणापासून सांगत आला होता. आपल्या वडिलांच्या हातून एकदा वजन निसटलं, ते बाराव्या दिवशी समुद्रात एका कोळ्याच्या जाळ्यात सापडलं, वर मिठाचा थर, असा पुरावाही जोडत होता. पण वहीत त्याने कधी थाप मारली नव्हती. सव्वीस वर्षं दर सोमवारी विहीर मोजली. बायको गेली तो सोमवारच होता. त्याने आधी दोरी सोडली, आकडा लिहिला, मग रडला.

डोंगराच्या अंगाला खाण होती. खनिज धुवायला तिचे पंप जमिनीखालचं पाणी अष्टौप्रहर ओढत. परवान्यात गावाची एकच अट घातलेली होती: विहिरीचं पाणी चाळीस गाठींच्या खाली गेलं, की पंप बंद. दोरीला गाठी होत्या बरोबर चाळीस. वहीत चाळीसचा आकडा एकदाही आला नव्हता. आणि आज दुपारी, पुढच्या वीस वर्षांच्या परवान्यासाठी, सुनावणी होती.

“दोरी द्या इकडे,” लेक म्हणाली.

तिने ती काठावर लांबवर पसरली. गाठींच्या मधेच कुठे निळा तुकडा होता, कुठे पांढरा, कुठे काथ्याचा.

“हे काय?”

“जोड. उन्हाने दोरी आखडते. पाण्याला टेकेनाशी झाली, की तुकडा घालतो.”

“मधे का? टोकाला का नाही?”

“वजनाची गाठ तुझ्या आजोबांनी मारलेली. वरचा फासही त्यांचाच. ते कसे सोडायचे?”

“मग या तुकड्यांवर गाठी कुठे आहेत?”

“गाठी चाळीस. त्यांनी मीटर धरून मारल्या तेवढ्याच. त्यात भर घालणारा मी कोण?”

ती गुडघ्यांवर बसली आणि गळ्यातली टेप काढून एकेक जोड मोजू लागली. निळा, ती शाळेत जायला लागली त्या वर्षीचा. काथ्याचा, खाणीने पाच नवे पंप बसवले तेव्हाचा. पांढरा, आईची कपडे वाळत घालायची दोरी. सात जोड होते. तेरा मीटर भरले.

“अडतीस आणि तेरा एकावन्न,” ती म्हणाली.

“दोरी आखडते गं,” म्हातारा म्हणाला. मग त्याने पांढरा तुकडा हातात घेतला आणि अंगठ्याने चोळत राहिला. तो कुठेही आखडलेला नव्हता.

सुनावणीला अख्खा गाव जमला होता. सुनावणी घ्यायला आलेले सरकारी साहेब वहीची पानं कौतुकाने उलटत होते.

“एक सोमवार चुकलेला नाही. अशी वही मी उभ्या नोकरीत पाहिली नाही.”

“ती खोटी आहे, साहेब.” म्हातारा उभा राहिला.

मागे कोणीतरी खुसखुसलं. गावचा न्हावी, त्याचा जुना दोस्त, म्हणाला, “साहेब, आधी यांच्या कानाचं विचारा.” सगळी खोली हसली.

म्हाताऱ्याने टेबलापासून दारापर्यंत दोरी अंथरली आणि एकेक जोड दाखवत सगळं सांगितलं. त्यात ना वटवाघूळ होतं, ना समुद्र. सरळ बोलायची सवय नसल्याने तो जागोजागी अडखळला. हसणं हळूहळू थांबलं. न्हाव्याने पाय मागे घेतले, दोरीवर पडू नयेत म्हणून.

साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“सह्या तुमच्याच ना?”

“माझ्याच.”

“अटीत गाठी लिहिल्यात, आजोबा. मीटर लिहिलेले नाहीत. आज गाठी किती आल्या?”

त्याने लेकीकडे पाहिलं. ती दोरीकडे पाहत होती.

“अडतीस,” तो म्हणाला.

साहेबांनी मान खाली घातली आणि लिहायला घेतलं.

त्यानंतर त्याने दोरीला जोड घातला नाही. घरातली दुसरी दोरी मागितलीही नाही. चार महिन्यांनी एका सोमवारी त्याने वजन सोडलं आणि कान लावला. गाठी सरकल्या. खालून ‘ठक’ असा आवाज आला.

त्याने वजन थोडं उचललं, पुन्हा सोडलं. ठक.

वर ओढलं तेव्हा त्याला धूळ लागली होती. लेकीने ती पदराने पुसायला हात पुढे केला, मग तशीच राहू दिली.

“किती गाठी?”

“एकोणचाळीस.”

तिने पेन टेकवलं. खाणीकडून पंपांची घरघर ऐकू येत होती. न्हावी रिकाम्या दोन बादल्या घेऊन आला होता, तो काठावर टेकला.

“तुला मी सांगायचो ना,” म्हातारा म्हणाला, “या विहिरीला तळ नाही म्हणून?”

“हो, बाबा.”

“ती थाप होती. तेही लिही.”